आगामी

दुपारचे अडीच. वीज गेलीय, लॅपटॉपची बॅटरी निम्म्यावर आलीय. बाबा सोप्यावर आडवे झालेत, आईने अंगणात कोकमाची सोलं वाळत घातलीत, आणि मी मांडीवर लॅपटॉप घेऊन स्वतःचा परिचय लिहितोय. पाच ओळींत. एका दिवाळी अंकाने लेख ठेवून घेतला, आता त्यांना लेखकाबद्दल माहिती हवीय. वास्तव्य, छंद, आगामी लेखन. लेख चार दिवसांत झाला होता. परिचयाचा आज तिसरा दिवस.

आजवर मी ऑनलाइनच लिहीत आलो. तिथे कोणी विचारत नाही तू कोण, फार तर विचारतात तू स्वतःला समजतोस कोण. त्याचं उत्तर मला येतं. कागदावर छापायचं म्हटलं की गोची होते.

वास्तव्य इंग्लंडमध्ये, स्विंडनला. लंडनहून आगगाडीने तासाभराचं अंतर. १८४३ मध्ये तिथे रेल्वेचा मोठा कारखाना सुरू झाला, १९८६ मध्ये तो बंद पडला. आता शहराच्या कडेने गोदामं आहेत आणि गोदामांत गोंयकार, म्हणजे गोव्याचे लोक, आहेत. त्यांतला मी एक. बाबांचा जन्म १९५४ चा, पोर्तुगीज अमदानीतला. त्या जोरावर आधी त्यांची जन्मनोंद लिस्बनला झाली, मग माझी, मग माझा लाल पासपोर्ट आला. लिस्बन मी अजून पाहिलेलं नाही. थोडक्यात, जन्माने फोंड्याचा, कागदोपत्री पोर्तुगीज, राहणार इंग्लंड, घरात कोंकणी बोलणारा आणि मराठीत लिहिणारा. हे एवढं खरं खरं कळवलं तर पाच ओळी इथेच भरतात आणि छंद टळतो.

पुण्याच्या एका बाईंनी एकदा विचारलं होतं, ‘‘तुम्ही कोंकणी ना? मग मराठीत कसे?’’ आमच्या बाजूला हा प्रश्न कोणी विचारत नाही. आमच्याकडे भांडण कोंकणीतून होतं, आरती मराठीतून, आणि नाटक तर मराठीतूनच.

छंद. शाळेत ‘माझा आवडता छंद’ या निबंधात आम्ही एकोणचाळीस जणांनी पोस्टाची तिकिटं जमवली होती, कारण गुरुजींनी फळ्यावर तीच जमवली होती. तेव्हापासून या शब्दाशी माझं पटत नाही. स्विंडनला खिडकीतल्या कुंडीत मी अळू लावलंय. वर्षाला चार पानं येतात, त्याला बागकाम म्हणावं का? आणि रविवारी मी ‘मॅजिक राउंडअबाउट’पाशी जाऊन उभा राहतो. १९७२ पासूनचा चौक आहे. पाच छोटे गोल, त्यांच्या मधोमध एक मोठा, आणि त्या मधल्या गोलाभोवती गाड्या उलट्या दिशेने फिरतात. सगळे बरोबर बाहेर पडतात. मी स्वतः गाडी घेऊन त्यात कधी शिरलेलो नाही, मागच्या रस्त्याने जातो. छंदाच्या रकान्यात हे लिहिलं तर संपादक लेख परत करतील.

बाबांनी डोळे न उघडता, काय लिहितोयस म्हणून विचारलं, ‘‘कितें बरयता रे?’’

‘‘म्हजेच विशीं.’’

‘‘मागीर इतलो वेळ कित्याक?’’

खरी अडचण तिसऱ्या रकान्याची आहे. माझ्याकडे आगामी पुष्कळ आहे. गेली सहा वर्षं मी मित्रांना सांगतोय की फादर स्टीफन्सवर लिहिणार. ‘ख्रिस्तपुराण’वाले थॉमस स्टीफन्स. १५७९ च्या ऑक्टोबरात गोव्यात उतरलेला हा इंग्रज जेझुइट पाद्री मूळचा विल्टशायरमधल्या बुशटनचा, आणि बुशटन स्विंडनहून गाडीने अर्ध्या तासाच्या आत. हे मला कळलं तेव्हा मी गोदामात पाव टनाच्या पॅलेटवर बसून डबा खात होतो आणि घास तसाच तोंडात राहिला. तिथला माणूस इथे आला, कोंकणीचं व्याकरण लिहिलं आणि मराठीत अकरा हजारांच्या आसपास ओव्यांचं ते पुराण रचलं. इथला मी तिथे गेलो आणि खोक्यांवर लेबलं लावतो. गोव्यात पोचल्यावर महिनाभराच्या आत त्याने बापाला प्रवासाचं सविस्तर पत्र लिहिलं होतं, वारे, मासे, आजारपणं, सगळं. मी पोचल्यावर बाबांना मेसेज केला होता, ‘पावलों’.

एका रविवारी बुशटनला जाऊन आलो. शेतं, झुडपांची कुंपणं, ओला रस्ता. कुत्रा फिरवणाऱ्या एका म्हाताऱ्या गृहस्थांना विचारलं, स्टीफन्स इथलेच ना? त्यांनी त्या आडनावाच्या एका प्लंबरचा पत्ता सांगितला, आणि माणूस चांगला आहे पण वेळेवर येत नाही, असंही सांगितलं. मी आभार मानून परतलो. ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये रायतूरला छापलं गेलं. ते रायतूर आमच्या घरून बोरीच्या पुलापलीकडे, दुचाकीने सहज जाऊन यावं असं. तिथे मी आजतागायत गेलेलो नाही. जाईन.

तसा एक हिशोब माझ्या बाजूने आहे. स्टीफन्स आला १५७९ ला, पुराण छापलं १६१६ ला, म्हणजे सदतीस वर्षांनी. मला स्विंडनला जाऊन नऊ झाली. अठ्ठावीस शिल्लक आहेत. व्याकरणाचं पुस्तक तर तो वारल्यावर एकवीस वर्षांनी निघालं. तिथवर खेचायचा माझा विचार नाही, पण सोय आहे.

‘आगामी’ हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तो देवळाच्या मांडवात. जत्रेच्या रात्री गावातल्या पोरांचं नाटक असे. दुसरा अंक सुरू व्हायच्या आधी पडद्याच्या फटीतून सेक्रेटरी बाहेर येई, माइकवर दोनदा फुंकर मारी आणि बक्षिसं वाचे. अमक्याच्या भूमिकेवर खूश होऊन तमक्याकडून अकरा रुपये. शेवटी आवाज चढवून, ‘‘आमचं आगामी आकर्षण! पुढच्या वर्षी, याच रंगमंचावर...’’ टाळ्या पडत. बायका झोपलेल्या पोरांना उठवून सांगत, आयक, आयक. पुढच्या वर्षी दुसरंच नाटक लागे. कोणी जाब विचारत नसे, कारण तोवर आणखी पुढच्या वर्षाची घोषणा झालेली असे.

एका वर्षीच्या अशा आगामी ऐतिहासिक नाटकात बाबांना मुख्य भूमिका मिळाली. तोवर ते कायम भालदार नाहीतर दूत असायचे. मी दुसरीत होतो. सकाळी ते कुळागरात, म्हणजे सुपारीच्या बागेत, पाणी सोडायला जात तेव्हा कमरेला नक्कल, म्हणजे भाषणांचे कागद, खोचलेली असे. कुदळीने पाटाला वाट करून पाणी एका माडीच्या, म्हणजे सुपारीच्या झाडाच्या, मुळाशी सोडायचं, ते भरेपर्यंत एक भाषण, मग मातीचं ढेकूळ घालून वाट बंद, पुढची माडी, पुढचं भाषण. भाषण लांबलं की त्या माडीला पाणी जास्त होई. माझं काम एकच. बाबांनी मान हलवली की ‘‘महाराज, घात झाला!’’ म्हणायचं. मी ते पाटात पाय सोडून म्हणत असे, आणि पाणी गार असल्यामुळे माझा आवाज खरोखरच कापे. बाबा खूश होत.

ते नाटक उभंच राहिलं नाही. मंडळात भांडण झालं. कशावरून, ते गावात अजूनही दोन प्रकारे सांगतात आणि दोन्ही प्रकारांत चूक समोरच्याची असते. बाबा त्यानंतर पुन्हा रंगमंचावर चढले नाहीत. नक्कल माळ्यावर गेली.

बॅटरी आता बारा टक्क्यांवर आहे. मी आठवतंय का म्हणून विचारलं, ‘‘बाबा, त्या नाटकाचो उगडास आसा?’’

कुठलं नाटक, हे त्यांनी विचारलं नाही. डोळे मिटलेलेच. एक हात छातीवरून उचलला, आणि सुरुवात केली. घोगरा आवाज, पण एक शब्द अडला नाही. पाच मिनिटं तरी बोलले असतील. मग थांबले आणि मान हलवली.

‘‘महाराज, घात झाला,’’ मी म्हटलं.

त्यांनी पुढचं भाषण घेतलं, तेही पूर्ण केलं. मग हात खाली आला.

‘‘फुडें?’’

‘‘दोन अंक पाठ आसात,’’ ते म्हणाले. ‘‘तिसरो करूंक मेळ्ळोच ना.’’ आणि कुशीवर वळले.

स्क्रीनवर ‘आगामी लेखन’ आणि त्यापुढे दोन टिंबं. पश्चिमेकडून आभाळ काळवंडत आलं होतं. आईला पावसाची चाहूल आधीच लागते. ती परसातूनच ओरडली, ‘‘सोलां काड रे बेगीन, पावस येता!’’

लॅपटॉप तसाच ठेवून मी अंगणात धावलो. सोलं अजून ओली होती. बोटं लाल झाली ती रात्रीपर्यंत तशीच होती.