ऐकू आलं तेवढंच

लॅबमध्ये नोकरी लागली तेव्हा वाटलं होतं, मुलांसोबत खेळायला मिळेल. पहिले सहा आठवडे मला एकही मूल दिसलं नाही. दिसले ते हेडफोन, रेकॉर्डिंग दोन सेकंद मागे नेणारं पायाचं पेडल आणि एक जाडजूड नियमपुस्तिका. लॅब विद्यापीठातली, विषय ऑटिझम आणि भाषा, माझं पद संशोधन सहायकाचं. भाषाशास्त्रात एम. ए. झालेलं. त्यामुळे ऐकून लिहून काढणं म्हणजे कारकुनी काम, असा मनात एक छुपा तोरा होता. तो उतरायला दहा मिनिटांचं एक रेकॉर्डिंग पुरलं.

लॅबचा नियम असा की नव्या माणसाचं काम मुरलेल्या माणसाच्या कामाशी जुळेपर्यंत त्यातलं काहीही खऱ्या अभ्यासात घ्यायचं नाही. याला सगळे 'रिलायबल होणं' म्हणतात. 'ती अजून रिलायबल नाहीये' हे वाक्य आपल्याबद्दल, आपल्यासमोर, डबा खाताना ऐकावं लागतं. त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही.

लिहायची पद्धत चॅट नावाची. ब्रायन मॅकव्हिनी आणि कॅथरीन स्नो यांनी 1984 साली मुलांच्या बोलण्याचा 'चाइल्डेस' हा साठा उभारायला घेतला, त्याच कामातून ती आली. मूल कुठलंही असो, लिहिण्याची रीत एकच ठेवली तर संगणकाला ते बोलणं मोजता येतं. बोलण्याचा प्रत्येक तुकडा नव्या ओळीवर, सुरुवातीला कोण बोललं त्याची खूण. वारंवार ऐकूनही कळलं नाही तर तीन वेळा एक्स लिहायचा आणि पुढे जायचं. मला सगळ्यात जड गेले ते हे तीन एक्स. कळलं नाही असं कबूल करण्यापेक्षा काहीतरी अंदाजाने लिहावं, ही शाळेपासूनची सवय.

त्या पहिल्या दहा मिनिटांना मला चार तास लागले. ते कागद स्पीच थेरपिस्ट ताईंकडे गेले आणि लाल होऊन परत आले.

"इथे काय लिहिलंयस?"

"'मला पाणी हवंय.'"

"परत ऐक."

ऐकलं. 'मला पाणी हवंय'च होतं. दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा ताईंनी आवाज वाढवला आणि मला स्वच्छ ऐकू आलं: 'तुला पाणी हवंय?' शेवटी वर चढणारा प्रश्नाचा सूरही जसाच्या तसा. आई विचारते तसं. मुलाला तहान लागली होती, आणि तहान लागली की घरात जे वाक्य उच्चारलं जातं ते त्याने उच्चारलं होतं. माझ्या कानाने ते परस्पर दुरुस्त करून टाकलं. बालमानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनरने 1943 साली ऑटिझमवरच्या निबंधात ज्या 11 मुलांबद्दल लिहिलं, त्यांच्या बोलण्यातही सर्वनामं अशी ऐकली तशीच येत असल्याची नोंद आहे. परीक्षेत हे मी पानभर लिहिलं होतं. समोर आलं तेव्हा ऐकू आलं नाही.

ताई रागावल्या नाहीत. "आई-वडीलही असंच ऐकतात, त्यांनी ऐकावंच तसं. आपल्याला तो हक्क नाही," एवढंच म्हणाल्या आणि उरलेली नऊ मिनिटं परत करायला दिली.

ताईंचं स्वतःचं काम बघायचं तर एकतर्फी काचेमागे बसावं लागायचं. एडॉस-2 ही ऑटिझम तपासायची निरीक्षणाची पद्धत त्या करायच्या: पाऊण-एक तास खेळ आणि गप्पा, ठरलेल्या प्रसंगांच्या, आणि त्यावरून गुण. निदान एकट्या त्यावर ठरत नाही, घरच्यांशी सविस्तर बोलणंही लागतं. मला त्यातलं त्यांचं थांबणं आठवतं. साबणाचे फुगे उडवायचे, मूल रंगात आलं की हात थांबवायचा आणि काहीच बोलायचं नाही. मूल मागतं का, कसं मागतं, बघून, हात ओढून, शब्दाने की आवाजाने, ते बघायचं. त्या शांततेत कोपऱ्यातल्या वडिलांची चुळबुळ सुरू होते, काचेमागे आपली सुरू होते. 'अगं, फुगा म्हण ना' असं ओठांवर येतं. ताईंच्या पाठीचा एक स्नायू हलत नसे.

बाकी माणसं हळूहळू कळत गेली. मुख्य मॅडम क्वचित दिसायच्या. अनुदानाचे अर्ज आणि नैतिकता समितीची उत्तरं यांतच त्यांचा आठवडा जायचा. लॅब खरी चालवायची ती लॅब मॅनेजर. कुणाच्या भावंडाला सांभाळायला कोण बसणार, कुठल्या मुलाला ट्यूबलाइटची घरघर सहन होत नाही, कुठल्या आजोबांना जिना चढवत नाही, हे सगळं तिच्या डोक्यात. खेळणी धुण्याचं वेळापत्रकही तिचंच. शोधनिबंधाच्या शेवटी आभारांत तिला एक ओळ मिळते, हे मला आजही पटत नाही.

आणि माझा जोडीदार. दोघांनी स्वतंत्रपणे एकच रेकॉर्डिंग करायचं आणि मग ताडून बघायचं, त्यातला दुसरा. तो स्वतः ऑटिस्टिक आहे, हे त्याने पहिल्याच दिवशी नावासोबत सांगितलं. 'ऑटिझम असलेला' म्हटलेलं त्याला आवडत नाही. "डावखुरेपण असलेला म्हणतेस का कुणाला?" असं त्याने मला विचारलं होतं. आमच्याकडे येणाऱ्या एका आईला मात्र नेमकं उलट आवडायचं, तिच्याशी बोलताना मी तिचे शब्द वापरते.

लिहिणं जमायला लागल्यावर पुढची पायरी आली. मुलाच्या प्रत्येक तुकड्यापुढे खूण करायची: हे ऐकलेल्याचं पुनरुच्चारण, म्हणजे इकोलालिया, आहे की नाही. (मधे एक आठवडा वाक्याची सरासरी लांबी मोजण्यात गेला. रॉजर ब्राउनने 1973 साली मांडलेली ही रीत, शब्द नव्हे तर अर्थाचे सगळ्यात लहान घटक मोजायचे. 'खेळायचंय' यात घटक किती, यावर आमची दोन तास भांडाभांडी झाली. 'खेळ' मिळाला, मागचा 'आहे' सापडला, मधल्या कडबोळ्यावर अजून एकमत नाही.)

इकोच्या चाचणीत माझे आणि जोडीदाराचे 100 पैकी 86 तुकडे जुळले. मी पेढे वाटायच्या बेतात होते. आकडेमोड सांभाळणाऱ्या पीएचडीच्या विद्यार्थ्याने फळ्यावर एक चौकट आखली.

"दोघांनीही 'इको आहे' असं किती ठिकाणी लिहिलं?"

"दहा-दहा."

"म्हणजे नव्वद ठिकाणी 'नाही'. डोळे बांधून याच प्रमाणात खुणा केल्या असत्या तरी सरासरी 82 जुळल्या असत्या. तुम्ही त्यावर फक्त चार कमावलेत."

जेकब कोहेनने 1960 साली सुचवलेला कप्पा हा आकडा नेमकं हेच करतो, योगायोगाने जुळणारं वजा करतो. उरलेल्या 18 पैकी 4, म्हणजे माझा कप्पा निघाला 0.22. आमच्या लॅबची अट 0.70 ची. दहा-दहा खुणांपैकी एकत्र पडल्या होत्या फक्त तीन. त्या रात्री मला खरंच वाटलं की नोकरी सोडावी. 86 टक्के म्हटल्यावर घरच्यांनी कौतुक केलं, 0.22 काय ते मी सांगितलंच नाही.

चूक कुठे होती ते हुडकायला जोडीदारासोबत बसले. ताबडतोब केलेलं पुनरुच्चारण मला ओळखता यायचं. 'चेंडू हवा?' याला उत्तर 'चेंडू हवा', हे कुणालाही कळेल. उशिराने आलेलं मात्र माझ्या हातून निसटायचं. ते मी कधी मुलाचं स्वतःचं वाक्य समजायचे, तर कधी 'असंबद्ध' म्हणून सोडून द्यायचे.

एका पाच वर्षांच्या मुलाच्या खेळाच्या रेकॉर्डिंगवर आम्ही अडलो. (ओळख पटू नये म्हणून शब्द आणि तपशील थोडे बदलले आहेत.) मूल मधेच म्हणतं, 'आता शेवटचं हं.' समोर ठोकळ्यांचा ढीग, शेवटचं असं काहीच नाही. मी पहिल्यांदा तीन एक्स लिहिले होते. नंतर शब्द कळल्यावर असंबद्ध म्हणून सोडलं होतं. जोडीदाराने एकच प्रश्न विचारला:

"हे आधी कुणी म्हटलंय?"

"कुणीच नाही. मी सगळं ऐकलंय."

"या खोलीत नाही म्हटलं. आधीच्या खोलीत?"

आधीच्या खोलीत चित्रांची शब्दसंग्रह चाचणी झाली होती. तिचं चित्रीकरण वेगळं, त्याच्याशी आमचा संबंध नव्हता. तरी त्याने ते उघडलं. तेवीस मिनिटं मागे गेल्यावर ते सापडलं. शेवटचं पान उलटताना चाचणी घेणारी म्हणाली होती, 'आता शेवटचं हं', आणि त्यानंतर चाचणी संपली, मुलाला उठू दिलं.

मग खेळाचं रेकॉर्डिंग पुन्हा लावलं. 'आता शेवटचं हं' चार वेळा. प्रत्येक वेळी समोरची व्यक्ती नवा ठोकळा पुढे करते. मूल थांबवा म्हणत होतं, आणि ते म्हटल्यावर खरोखर थांबतात असं त्याने नुकतंच पाहिलेलं वाक्य वापरून म्हणत होतं. पहिल्यांदा म्हटल्यानंतर खेळ आणखी अकरा मिनिटं चालला.

प्रिझंट आणि डुकन यांनी 1981 साली ताबडतोबच्या इकोलालियाची सात कार्यं दाखवली, प्रिझंट आणि रायडेल यांनी 1984 साली उशिराच्या इकोलालियाची चौदा. त्यांत मागणं आहे, विरोध करणंही आहे. लॅबच्या कपाटात ते दोन्ही निबंध होते, मी त्यांवर टिपणंही काढली होती.

आम्ही दोघं लॅब मॅनेजरकडे गेलो. कारण प्रश्न आता माझ्या कप्पापुरता नव्हता. संमतीपत्रावर सही आई-वडिलांची असली तरी मुलाची स्वतःची तयारीही लागते. ते नको म्हणालं की थांबायचं. नकाराच्या खुणांची यादी आमच्याकडे होती: रडणं, दाराकडे जाणं, वस्तू ढकलणं. वाक्य उसनं घेऊन नकार देता येतो, हे त्या यादीत नव्हतं, आणि तेही भाषेवर काम करणाऱ्या लॅबमध्ये. मी सारवासारव ऐकायच्या तयारीने गेले होते. तिने चित्रफीत दोनदा पाहिली आणि मॅडमना फोन लावला. दुसऱ्या दिवशी त्या मुलाच्या आईला सगळं सांगितलं. पालकांना भेटीआधी विचारायच्या प्रश्नांत एक नवा घालायचं ठरलं: 'पुरे झालं, हे तुमचं मूल घरी कसं सांगतं?' समितीची मंजुरी यायला काही आठवडे लागले.

त्या प्रश्नाला येणारी उत्तरं वाचणं हे आता माझं आवडतं काम आहे. कुणी एका कार्टूनचं शेवटचं वाक्य म्हणतं. कुणी चपला आणून समोर ठेवतं. एक मुलगी बागुलबुवाला द्यावा तसा निरोप देते, 'जा बाबा तू आता'. एका वडिलांनी लिहिलं होतं, 'माहीत नाही, आठवडाभर लक्ष देऊन कळवतो', आणि आठवड्याने खरंच कळवलं.

मी रिलायबल झाले चौथ्या प्रयत्नात, 0.78 वर. जोडीदार "ठीक" म्हणाला आणि त्याने हेडफोन चढवले. मधे मी फक्त एकच गोष्ट बदलली होती. खूण करण्याआधी त्या मुलाचं त्या दिवशीचं सगळं चित्रीकरण एकदा पाहायचं. त्यामुळे माझा वेग निम्मा झाला. मॅडमनी हिशेब करून तेवढे तास पुढच्या अर्जात घातले, ते मंजूर होतील की नाही ते अजून कळायचंय.

एकदा रिलायबल झालं की संपलं, असंही नसतं. कान हळूहळू सरकतो. म्हणून दर पाचवं रेकॉर्डिंग दोघांनी करायचं आणि पुन्हा ताडायचं. गेल्या महिन्यात माझा आकडा 0.66 आला, म्हणजे अटीच्या खाली. सोमवारपासून पुन्हा ताईंच्या शेजारच्या खुर्चीत बसतेय. लाल पेन त्यांनी आधीच काढून ठेवलंय.