आधी खिशातून घाला, मग मागा

ज्युनियर पोरी सारख्या विचारतात, ताई तू व्हिएन्नाला गेलीस तर पैसे कुणी दिले? खरं सांगू का, सगळ्यात आधी अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी दिले. कॉन्फरन्सवाल्यांनी फी माफ केली, सरकारनं तिकिटाचे दिले, ते सगळं खरंय, पण विमानात बसायच्या आधी जे पैसे मोजावे लागले ते आमच्या औसा तालुक्यातल्या पंधरा क्विंटल सोयाबीनचे होते.

मी पीएचडी संभाजीनगरला करते, विषय भूजल. २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं तेव्हा मी अकरावीला होते अन् टँकरच्या लाईनीत घागरी लावायचं काम माझ्याकडं होतं, विषय तिथूनच डोक्यात बसला असेल. काम म्हणजे काय तर साठ विहिरी ठरवल्यात, त्यांची पातळी उन्हाळ्यात एकदा अन् पावसाळा संपल्यावर एकदा मोजायची, खडक बघायचा, कुठं काळा पाषाण, कुठं मांजऱ्या, कुठं तांबड्या गेरूचा थर. लोकांना आधी वाटतं पोरगी बोअरचा पॉइंट दाखवायला आली. एक आजोबा तर तळहातावर नारळ घेऊन माझ्यासोबत आख्खं रान फिरले की बघू तुझं यंत्र खरं का माझा नारळ. माझ्याकडं यंत्र नव्हतंच, साधा टेप होता.

तर पैशाची पहिली शाळा ह्या विहिरींवरच झाली. जेआरएफ, म्हणजे नेट परीक्षेतून मिळणारी रिसर्च फेलोशिप असेल तर यूजीसीची कंटिन्जन्सी मिळते, म्हणजे वरखर्चाचे पैसे, सायन्सला पहिली दोन वर्षं वर्षाला १२ हजार आणि पुढं २५ हजार, आर्ट्स-सोशल सायन्सवाल्यांना १० हजार आणि मग २०,५००. ऐकायला बरं वाटतं पण त्यातच झेरॉक्स, पुस्तकं, केमिकल आणि त्यातच फिल्डचा प्रवास. माझं पहिलं टीए बिल (प्रवासखर्चाचं) परत आलं, का तर एसटीचं तिकीट कोरं! एसटीच्या मशीनचं तिकीट थर्मल कागदाचं असतं, दोन-तीन महिने पर्समध्ये उन्हातान्हात राहिलं की अक्षरं उडून जातात, माझ्याकडं बत्तीस तिकिटं होती अन् त्यातली अकरा कोरी पांढरी. तेव्हापासून तिकीट हातात पडलं की आधी मोबाईलवर फोटो आणि मुक्कामाला पोचलं की झेरॉक्स, मूळ तिकीट झेरॉक्सला टाचून ठेवायचं.

दुसऱ्यांदा बिल परत आलं ते तर भारीच. अकाउंट सेक्शनमधले काका म्हणे भाडं इतकं कमी कसं, अंतर जुळत नाही. म्हटलं काका, मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे, तुमच्या घरच्या बायका एसटीनं जातच नाहीत का? हसले, पण लेखी द्या म्हणाले. दिलं. कमी पैसे मागितले म्हणून खुलासा देणारी मी पहिलीच असेन.

आता मेन गोष्ट. माझ्या मॅडमनी (गाईड) सांगितलं की युरोपियन जिओसायन्सेस युनियनची, म्हणजे ईजीयूची, दरवर्षी एप्रिलच्या आसपास व्हिएन्नात मोठी सभा असते, २०२५ ची २७ एप्रिल ते २ मे होती, तिथं पाठव तुझ्या कामाचा सारांश, म्हणजे अ‍ॅबस्ट्रॅक्ट. मी हसले. मॅडम म्हणाल्या हसतेस काय, रोलंड श्लिश नावाचा ट्रॅव्हल सपोर्ट आहे त्यांचा, नव्या संशोधकांसाठी. आता इथं नीट ऐका कारण इथंच निम्मी पोरं गळतात. अ‍ॅबस्ट्रॅक्टची मुदत जानेवारीच्या मध्यापर्यंत असते, पण सपोर्ट मागायचा असेल तर अ‍ॅबस्ट्रॅक्ट आणि अर्ज त्याच्या चांगलं महिनाभर आधीच टाकावा लागतो. माझ्या बाजूच्या लॅबमधला एक जण जानेवारीत गेला, त्याचा अ‍ॅबस्ट्रॅक्ट झाला मंजूर पण सपोर्टचं दार बंद झालेलं, गेलाच नाही शेवटी. कॉन्फरन्स कुठलीही असू द्या, पैशाची तारीख आधी बघा, पेपरची नंतर.

मला रजिस्ट्रेशनची माफी मिळाली. राहिलं विमानाचं तिकीट. त्यासाठी संशोधनाला पैसे देणाऱ्या दिल्लीच्या सरकारी संस्था आहेत, सायन्सवाल्यांना एएनआरएफ (आधीची एसईआरबी) आणि सीएसआयआर, सोशल सायन्सला आयसीएसएसआर, इतिहासवाल्यांना आयसीएचआर. मी त्यातल्याच एकीकडं अर्ज केला, कुठल्या ते सांगत नाही कारण पुढं थोडी रड आहे. अर्जाला लागतं काय तर स्वीकृतीचं पत्र, अ‍ॅबस्ट्रॅक्ट, गाईडचं शिफारसपत्र, डिपार्टमेंटमार्फत अग्रेषित केलेली प्रत, एनओसी आणि दुसरीकडून काय मिळतंय त्याचं डिक्लेरेशन. ह्या डिक्लेरेशनला पोरं घाबरतात, माफी मिळाली म्हणून सांगितलं तर तिकीट नाकारतील म्हणून लपवतात. अजिबात लपवू नका. एकाच खर्चाचे दोन ठिकाणाहून पैसे घेता येत नाहीत, पण फी एकाकडून आणि तिकीट दुसऱ्याकडून असं वाटून घेता येतं, उलट फी तिकडनं सुटलीय म्हटल्यावर मागणी कमी दिसते.

अग्रेषित करण्याची फाईल आमच्याकडं सतरा दिवस फिरली. आवक-जावकला एक नंबर, तिथून एचओडी, तिथून वर, वरून शेरा आला 'चर्चा करावी'. कुणी कुणाशी चर्चा करावी हे काही लिहिलेलं नव्हतं. मी रोज दुपारी तीनला जाऊन उभी राहायचे, चौथ्या-पाचव्या दिवशी शिपाईमामाच म्हणाले बाळा तुझी फाईल वरून तिसरी आहे, उद्या ये. त्या मामांमुळं झालं बघा काम.

मंजुरी आली मार्चच्या पहिल्या आठवड्यात आणि पत्र वाचून मी गारच पडले. पैसे मिळणार ते मी परत येऊन बिलं दिल्यावर. तिकीट तुम्ही काढा, जाऊन या, मग मागा. अ‍ॅडव्हान्ससाठी विचारलं तर आमच्याकडं उत्तर मिळालं की तुम्ही कर्मचारी नाही, फेलो आहात. त्यात महिन्याची फेलोशिप तेव्हा तीन महिने जमाच झाली नव्हती.

तिकीट बासष्ट हजार. अण्णांनी सोयाबीन दिवाळीपासून घरातच ठेवलं होतं, भाव वाढेल म्हणून. हमीभाव ४,८९२ आणि अडतीवर चार हजाराच्या आसपास, म्हणून थांबले होते. मी फोनवर फक्त सांगितलं की असं असं आहे, जाणं होईल असं वाटत नाही. ते काहीच बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी आईचा फोन, अण्णा लातूरला मोंढ्यात गेलेत टेम्पो घेऊन. भाव किती लागला ते मी अजून विचारलेलं नाही.

तिकिटाचं एक सांगते. मंजुरीपत्रात लिहिलेलं होतं की तिकीट बामर लॉरी, अशोक ट्रॅव्हल्स किंवा आयआरसीटीसी ह्या तिघांकडूनच काढायचं. मैत्रीण म्हणाली अगं मोबाईलवर चार हजारानं स्वस्त दिसतंय. दिसू दे. बाहेरून काढलंत अन् बिल अडकलं तर चार हजाराच्या नादात बासष्ट जातील. आयआरसीटीसी विमानाची पण तिकिटं देते हे मला तोवर माहीतच नव्हतं, मला वाटायचं देवगिरी अन् नंदीग्रामचं वेटिंग बघायलाच ती साईट आहे.

व्हिसाला देवगिरीनंच मुंबईला गेले. शेंगेन व्हिसाची फी ९० युरो, इन्शुरन्स किमान ३० हजार युरोचं कव्हर असलेलं लागतं, आणि बँक स्टेटमेंट. माझ्या स्टेटमेंटमध्ये तीन महिने काहीच नाही आणि एकदम अण्णांचे पैसे. काउंटरवरच्या बाईंनी विचारलं हे काय? मी मंजुरीपत्र पुढं केलं, सोबत मोंढ्यातली सोयाबीन विक्रीची पट्टी पण जोडली होती. मराठी पट्टी व्हिसाच्या फाईलमध्ये! आला व्हिसा बारा दिवसांनी.

पोस्टर कापडावर छापलं, गुंडाळी करून हातात धरण्यापेक्षा घडी घालून बॅगेत जातं. दुकानदार वाढदिवसाचे बॅनर छापणारा, डिझाईन बघून म्हणाला ताई साहेबांचा फोटो कुठं टाकायचा? आईला माझ्यासोबत तूप अन् पेढे द्यायचे होते पण दुधाचे पदार्थ युरोपात प्रवाशाच्या सामानातून न्यायला बंदी आहे, मग कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी गेली. जेवणखाण अन् हॉस्टेलच्या कॉटचे पैसे कुणीच देणार नव्हतं, त्यामुळं सहा दिवस तीच चटणी, अजून वास आला तरी नको वाटतं.

पोस्टरपाशी दीड तास उभी होते. बरेच लोक नुसते बघून पुढं जातात, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. इथिओपियाचा एक जण मात्र अर्धा तास थांबला, त्यांच्याकडंही असाच बेसॉल्ट आणि अशाच आटलेल्या विहिरी. तो आता माझे आकडे मागतोय अन् मी त्याचे, थिसिसचा चौथा चॅप्टर त्यातूनच निघतोय.

परत आल्यावर बिल. बोर्डिंग पास चारही पाहिजेत, येताना जाताना दोन-दोन, कारण दोहाला विमान बदललं होतं. माझा एक हरवला, दोहातच कुठंतरी. विमान कंपनीला मेल करून प्रवास केल्याचं सर्टिफिकेट मागवलं, आठ दिवसांत आलं, ते चाललं. मग युटिलायझेशन सर्टिफिकेट, म्हणजे पैसे ज्यासाठी दिले त्यालाच लागले असा दाखला, जीएफआर १२-ए चा सरकारी फॉर्म, त्यावर सह्या, त्यासाठी पुन्हा तीच फाईल अन् तेच मामा. मे महिन्यात सगळं पाठवलं. जुलैमध्ये एक क्वेरी आली, ऑगस्टमध्ये तीच क्वेरी परत आली, मी तेच उत्तर परत पाठवलं.

२०२५ च्या सप्टेंबरमध्ये अतिवृष्टीनं जे झालं ते मराठवाड्यात कुणाला सांगायला नको. आमचं सोयाबीन उभं पाण्यात गेलं, त्या वर्षी ठेवायला अन् विकायला काहीच राहिलं नाही.

नोव्हेंबरमध्ये मी पावसाळ्यानंतरची मोजणी करत होते, औशाकडच्याच एका विहिरीवर. एरवी टेप आत सोडत बसावं लागतं, ह्या वेळी काठावर वाकून हात घातला तर पाणी लागत होतं. तिथंच मेसेज आला, पैसे जमा, मागितले त्यापेक्षा ११४० रुपये कमी. कशाचे कापले ते कळवलेलं नाही आणि मी विचारणार पण नाही. तिथूनच अण्णांना सगळे टाकले. त्यांनी फोन करून विचारलं, हरभऱ्याचं बी आणायला जाऊ का मग?