शिक्का कापलेला फोटो

पानशेतचे धरण १२ जुलै १९६१ रोजी फुटले. दरवर्षी ती तारीख जवळ आली, की पुण्यातल्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर पुराचे तेच दहा-बारा फोटो फिरू लागतात. गेल्या वर्षी नारायण पेठेवरच्या माझ्या लेखासाठी मी त्यांतले चार फोटो घेतले. त्यांपैकी एकाच्या कोपऱ्यात पुसटसा शिक्का होता. तो दिसायला बरा वाटत नव्हता, म्हणून मी तेवढी कड कापून टाकली आणि खाली ‘सौजन्य : इंटरनेट’ असे लिहिले.

दोन आठवड्यांनी एका मुलीचे पत्र आले. ‘काका, हा फोटो माझ्या आजोबांनी काढला आहे. कोपऱ्यात त्यांच्या स्टुडिओचा शिक्का होता, तो तुमच्या लेखात का दिसत नाही?’ तिने पैसे मागितले नव्हते आणि धमकीही दिली नव्हती. तरीही त्या प्रश्नाने मला जी शरम वाटली, ती एखाद्या कायदेशीर नोटिशीनेही वाटली नसती.

त्यानंतर मी १९५७ चा कॉपीराइट कायदा नीट वाचला. फोटो साठ वर्षांहून जुना आहे, म्हणजे तो मोकळा झाला असेल, अशी माझी समजूत होती. पूर्वी छायाचित्रांसाठी वेगळे कलम होते आणि त्यानुसार मुदत प्रकाशनापासून मोजली जात असे. २०१२ च्या दुरुस्तीने ते कलम वगळले आणि आता छायाचित्रालाही छायाचित्रकाराच्या हयातीपर्यंत व त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे संरक्षण मिळते. या आजोबांनी तो फोटो कोणाकडून पैसे घेऊन काढलेला नव्हता. ते स्वतःच कॅमेरा घेऊन चिखलात उतरले होते. त्यामुळे हक्क त्यांचा आणि त्यांच्या पश्चात वारसांचा. (लग्नात पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोंचे गणित याच्या उलट असते. वेगळा करार नसेल तर तिथे पहिला मालक फोटो काढून घेणारा ग्राहक असतो. मला हे ठाऊक नव्हते.)

शिक्का कापणे ही तर आणखी वेगळी चूक आहे. कलम ५७ प्रमाणे आपल्या कृतीवर आपले नाव असावे, असा आग्रह धरण्याचा अधिकार निर्मात्याला असतो. हक्क विकून टाकले तरी तो अधिकार उरतो आणि मृत्यूनंतर त्याचे कायदेशीर वारस तो बजावू शकतात. ‘सौजन्य : इंटरनेट’ किंवा ‘सौजन्य : गुगल’ या ओळीने यातले काहीच साधत नाही, कारण गुगल फोटो काढत नाही, तो कुठे आहे एवढेच दाखवते. लेखातून एक पैसाही मिळत नाही, हा माझा बचावही टिकणारा नव्हता. खासगी अभ्यास, समीक्षा, चालू घडामोडींचे वृत्तांकन अशा कामांपुरती कायद्यात सूट आहे. पण लेख सजवण्यासाठी सर्वांसमोर लावलेला फोटो त्यात बसवणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही.

आता मी बहुतेक चित्रे विकिमीडिया कॉमन्स या मुक्त चित्रांच्या ऑनलाइन संग्रहातून घेतो. तिथेही प्रत्येक चित्राच्या पानावरचा परवाना वाचावा लागतो. बहुतेक क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्यांत, म्हणजे ठरावीक अटींवर वापराची आगाऊ मुभा देणाऱ्या तयार परवान्यांत, छायाचित्रकाराचे नाव आणि परवान्याचा उल्लेख करणे बंधनकारक असते, काहींत बदललेले चित्र त्याच परवान्याखाली द्यावे लागते. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या फोटोचा मात्र आधी उलटा शोध घेतो, म्हणजे तोच फोटो शोधयंत्राला देऊन तो आणखी कुठे, कोणत्या नावाने आला आहे ते पाहतो. मूळ सापडले नाही, तर फोटो वापरत नाही.

त्या मुलीला मी क्षमा मागणारे उत्तर लिहिले. तिने परवानगी दिली आणि मूळ प्रतीवरून स्कॅन करून फोटो पाठवला. शिक्क्यासह तो आता लेखात आहे, खाली आजोबांचे पूर्ण नाव आहे. उरलेले तीन फोटो मी काढून टाकले आहेत. त्यांतल्या एकात पूर ओसरल्यावर एका वाड्याच्या जोत्यावर भांडी वाळत घातलेली दिसतात आणि मागे एक बाई पाठमोरी उभी आहे. तो फोटो कोणी काढला हे कोणा वाचकाला ठाऊक असेल, तर कृपया मला कळवावे.