तीन रकान्यांची वही

पुतणी यंदा एसएसएलसीला, म्हणजे कर्नाटकातल्या दहावीला आहे. म्हणजे घरात सगळेच एसएसएलसीला आहेत. टीव्ही बंद, पाहुणे बंद, आणि जेवायच्या टेबलावर तिच्या नोट्सचा पसारा. प्रथम भाषा मराठी सव्वाशे मार्कांची, बाकीचे पाच विषय शंभर-शंभरचे, एकूण ६२५. तिनं प्रत्येक विषयाची वेगळी थप्पी लावलीय आणि प्रत्येक थप्पीला वेगळ्या रंगाची चिठ्ठी चिकटवलीय. समाजविज्ञानाची थप्पी तर इतकी देखणी की अभ्यास करून ती विस्कटायचं पाप तिनं अजून केलेलं नाही.

गणिताची मात्र थप्पी होत नाही. सूत्रं एका वहीत, प्रमेयं दुसरीत, सोडवलेली गणितं क्लासच्या वहीत, आणि ती जिथं जिथं अडली होती ती गणितं लग्नपत्रिकांच्या मागं. शंभरातले ऐंशी लेखी, वीस शाळेच्या हातातले. पण त्या ऐंशींचं घर कुठलं हे तिचं तिलाच ठाऊक नाही. मला विचाराल तर तिचा दोष नाही. इतिहासाच्या नोट्स काढल्या की इतिहास लहान होतो. गणिताच्या काढल्या की गणित होतं तेवढंच राहतं. वर्गसमीकरणाचं सूत्र मुळात एका ओळीचं, त्याचं सार ते काय काढणार?

आमच्या गुरुजींनी यावर एक तोड काढली होती. पानाला डावीकडे समास असतोच, तसा उजवीकडेही दोन बोटं रुंदीचा आखायचा आणि कच्चं काम तिथंच करायचं. वेगळी रफ वही आणली की पाठीत धपाटा. तेव्हा तो जाच वाटायचा. पण परीक्षेआधी वही उघडली की डोळे आपोआप त्या उजव्या पट्टीत जायचे. मधला भाग स्वच्छ, शेवटी 'हेच सिद्ध करावयाचे होते', सगळं कसं सोवळ्यात. आणि उजवीकडे सात आठे चौपन्न. माझं सात आठे कायम चौपन्न यायचं. सहा नव्वे चौपन्न आणि सात आठे छप्पन्न हा शेजार माझ्या डोक्यात कधी नीट लागलाच नाही. पक्क्या भागात ही गोष्ट कुठंच दिसत नव्हती.

बेळगावच्या वडगावातलं आमचं घर मागवाल्यांचं. वडील साड्या विणायचे, त्यामुळे नक्षी विणायच्या जकार्डाची भोकं पाडलेली पुठ्ठ्याची जुनी पट्टी घरात कुठंही पडलेली असायची. वह्यांत खुणेला मी त्याच घालायचो. भूमितीला एक, बीजगणिताला एक. काठाच्या नक्षीचा चौकटीचा कागद उरला तर आलेख काढायला. जून-जुलैत बेळगावचा पाऊस लागला की वह्या फुगायच्या, पानं एकमेकांना धरून बसायची, पण त्या पट्ट्या काही हलायच्या नाहीत. पुतणीला हे सांगत होतो, तेव्हा ती म्हणाली, "काका, दाखवा की मग!" आणि मी माळ्यावर चढलो.

गणिताची वही काही सापडली नाही. सापडली ती तीन रकान्यांची वही.

दहावीपर्यंत मी मराठी माध्यमात. १९९१ साली पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला सायन्स घेतलं आणि एका उन्हाळ्यात सगळ्या ओळखीच्या माणसांची नावं बदलली. फळ्यावर क्वाड्रॅटिक इक्वेशन लिहिलेलं. मी घाबरून बघतोय, तर ते आपलं वर्गसमीकरण! दहावीला त्यात मला पैकीच्या पैकी होते. दहा-बारा दिवस मी मागच्या बाकावर मुका बसून काढले. शेजारचा पोरगाही तसाच मुका. तो बैलहोंगलकडचा, कन्नड माध्यमातला. त्याला वाटायचं मला सगळं कळतंय, मला वाटायचं त्याला.

वही अशी निघाली. मी डावीकडे मराठी शब्द लिहायचा, त्यानं मध्ये कन्नड, आणि उजवीकडचा इंग्रजी दोघांनी मिळून हुडकायचा. त्रिज्या आली, त्यानं त्रिज्य लिहिलं. मी प्रमेय लिहिलं, त्यानंही प्रमेय. छेदही छेदच. आम्ही चकितच झालो, कारण दोघांनाही ते शब्द फक्त आपल्या गुरुजींचे वाटत होते. माझा लसावि त्याच्याकडे लसाअ, मसावि मसाअ. बहुपदीचं बहुपदोक्ति. माझा त्रिकोण त्याचा त्रिभुज, आणि वर्तुळाला तो वृत्त म्हणायचा. मला वृत्त म्हटलं की सातच्या बातम्या आठवायच्या, नाहीतर मंदाक्रांता. पाढ्यांना तो मग्गी म्हणायचा. त्या पानापाशी पुतणी जी हसत सुटली ती थांबेना. म्हणाली, "दोन मिनिटांत पाठ होत असतील!"

आकडे सांगताना मात्र आमचं वाजायचं. मी म्हणायचा पंचवीस, तो लिहायचा ५२. आधी पाच ऐकू आले की पाच लिहून मोकळा. त्याच्या कन्नडात इप्पत्तैदु, म्हणजे आधी वीस मग पाच, ज्या क्रमानं लिहायचं त्याच क्रमानं बोलायचं. पुढं २०१९ साली बालभारतीनं दुसरीच्या पुस्तकात 'वीस पाच' आणलं आणि महाराष्ट्रात केवढा गहजब झाला! विनोद झाले, विधानसभेत बोलणी झाली. मी बातमी वाचून त्यालाच फोन लावला. तो म्हणाला, "आता पटलं का गा? मी तेव्हाच सांगत होतो." आपला पंचवीस मला अजून प्यारा आहे, पण त्या ५२ मुळं आमची किती उत्तरं चुकली हे मला आठवतं, त्यामुळे मी त्या वादात तोंड उघडलं नाही. १ नोव्हेंबरचंही आमचं असंच असायचं. तो कर्नाटकाचा स्थापना दिवस, म्हणून आम्हा सीमाभागातल्या मराठी लोकांकडे काळा दिवस, त्यांच्याकडे राज्योत्सव. दोन तारखेला बाकावर बसलं की वही पुढं चालू.

पुतणी पानं उलटत होती. सुरुवातीला तिन्ही रकाने गच्च. माझं अक्षर तिरकं, त्याचं गोल, मध्ये खाडाखोड. डिफरन्शिएशनपाशी ती थांबली.

"इथं मराठी का लिहिलं नाही?"

खरंच, तिथून पुढं पहिले दोन रकाने रिकामे होते. फक्त तिसरा भरलेला. लिमिट, डेरिव्हेटिव्ह, इंटिग्रल. मराठी शब्द होते, आज मी सांगू शकतो. पण आम्हाला ते कुणी शिकवले नव्हते आणि तोवर आम्हाला त्यांची गरजही उरली नव्हती. फळ्यावरचं इंग्रजी सरळ डोक्यात जायला लागलं होतं. तरी रेघा मात्र आम्ही शेवटच्या पानापर्यंत मारून ठेवल्या होत्या, फूटपट्टी धरून, प्रत्येक पानावर दोन.

"अगं, राहिलं," मी म्हटलं.

रात्री पाणी प्यायला उठलो तर टेबलावरचा दिवा चालू. लग्नपत्रिका संपल्या होत्या बहुतेक. माझी वही उघडी होती आणि त्या दोन कोऱ्या रकान्यांत पुतणी त्रिकोणमितीचं कच्चं काम करत बसली होती.