कॉन्फरन्सचा पहिला दिवस

तौलनिक साहित्याची, म्हणजे वेगवेगळ्या भाषांतलं साहित्य शेजारी ठेवून बघण्याची, इंटरनॅशनल कॉन्फरन्स, तीही आपल्या नागपुरात, म्हणून सकाळी लवकर पोचले तर शाल-श्रीफळ आटपेपर्यंत चहाचीच वेळ झाली. मग बीजभाषणात जर्मन कवी गटे आले, येणारच होते, १८२७ मध्ये त्यांनी आपल्या सहकाऱ्याला, एकरमनला, विश्वसाहित्याचं युग येतंय म्हणून सांगितलं ते. मग सेशन्स. मराठी कादंबरी आणि काफ्का, मराठी नाटक आणि बेकेट. दलित कविता आणि ब्लॅक पोएट्रीवाला पेपर मात्र आवडला, तिथे नातं खरंच आहे, १९७२ ला दलित पँथरने नावच अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून घेतलं. पण बाकी सगळ्या तुलना विमानाने जाणाऱ्या, शेजारच्या रायपूर किंवा हैदराबादच्या भाषांकडे कोणी बघेचना.

आणि हे कुठे, तर नागपुरात! १९५६ पर्यंत मध्य प्रदेशची राजधानी होती ही, हिंदी-मराठी एकाच टपरीवर चहा पीत होत्या. त्याच वर्षी तिकडे कोलकात्यात जादवपूर विद्यापीठात बंगाली कवी बुद्धदेव बसूंनी देशातला पहिला तौलनिक साहित्याचा विभाग काढला, आणि आपल्याकडे मुक्तिबोधांचं घर होतं की. मराठी घरातले दोन सख्खे भाऊ, थोरले गजानन माधव हिंदीत लिहिणार, धाकटे शरच्चंद्र मराठीत, दोघंही मार्क्सवादी, दोघंही या शहरात राहिलेले. थोरले इथे 'नया खून' साप्ताहिकात काम करत होते, त्यांचा कवितासंग्रह 'चाँद का मुँह टेढ़ा है' १९६४ ला ते गेले तेव्हा आला, आणि आज हिंदीवाले त्यांना डोक्यावर घेतात. धाकट्यांना १९७९ चा साहित्य अकादमी मिळाला तरी आपली पोरं नावसुद्धा सांगणार नाहीत. दिवसभरात एकाही पेपरात हे दोघं नाहीत.

जेवणाच्या लाइनीत एक पीएचडीवाली पोरगी भेटली. तिला याच दोघांवर काम करायचंय. "मॅडम, हिंदीवाले म्हणतात हा विषय मराठीचा, मराठीवाले म्हणतात हिंदीचा, मी नुसती इकडून तिकडे फिरून राहिली," असं ती हसत म्हणाली, पण प्लेटमधला भात तसाच होता. गाइड मिळत नाही म्हणून शेवटी एकट्या धाकट्यांवर सिनॉप्सिस टाकणार म्हणे. चिडचिड झाली नुसती.

उद्या माझा पेपर नवकवितेवर आहे. त्यातली इंग्रजी कवी एलियटची स्लाइड आत्ताच उडवली आणि तिथे दोन्ही भाऊ टाकले, चेअरपर्सनना काय म्हणायचं ते म्हणू दे.