गार्सडेल, ओओ स्केल: फलाट झाले, आता मालक ठरवायचे

गार्सडेल स्टेशनचं मॉडेल मी ओओ मापात (खऱ्या एक फुटाला ४ मिमी) करतोय. फलाट, पाण्याच्या टाकीची दगडी इमारत आणि सिग्नल केबिन एवढं आता बोर्डावर पक्कं बसलंय. टर्नटेबलचा (इंजिन फिरवायच्या चकतीचा) खड्डा कापून तयार आहे, पण मोटर अजून यायची आहे. म्हणून या वेळी मातीकाम बाजूला ठेवून गाड्यांचा आणि पाट्यांचा विषय हातात घेतला.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात: गार्सडेल हे इंग्लंडमधल्या सेटल–कार्लाइल लाइनवरचं डोंगरातलं एकाकी स्टेशन. पूर्वी ते यॉर्कशायरमध्ये होतं, आता कम्ब्रियात मोडतं. १९३२ पर्यंत त्याचं नाव हॉज जंक्शन होतं, कारण हॉज गावाकडे जाणारा फाटा इथून सुटायचा. माझी कल्पना अशी की डोंगर, रूळ, इमारती एकच ठेवायच्या आणि पाट्या व गाड्या बदलून १९१०, १९३५, १९५८ आणि आजचा काळ असे चार संच चालवायचे. ब्रिटिश रेल्वे कंपन्यांचा सगळा इतिहास एवढ्याशा फलाटावर मावतो, म्हणून हे स्टेशन निवडलं.

पहिला संच मिडलंड रेल्वेचा. १८४४ मध्ये तीन कंपन्या एक होऊन ही कंपनी झाली, मुख्यालय डार्बीला. स्कॉटलंडची वाहतूक हवी तर तिला लंडन अँड नॉर्थ वेस्टर्न या प्रतिस्पर्ध्याच्या रुळांवर अवलंबून राहावं लागे, आणि तो मिडलंडच्या प्रवाशांची होईल तेवढी अडवणूक करी. मग मिडलंडने १८६६ मध्ये स्वतःच्या लाइनचा कायदा संसदेतून मंजूर करून घेतला. एवढ्यात प्रतिस्पर्ध्याशी समझोता झाला आणि कंपनीला हा खर्च नकोसा झाला. पण संसद म्हणाली, नाही, आता बांधाच! ७२ मैल, १४ बोगदे, रिबलहेडचा २४ कमानींचा पूल, एझ गिलजवळ १,१६९ फुटांचा माथा. मालगाड्या १८७५ मध्ये सुरू झाल्या, प्रवासी गाड्या १ मे १८७६ पासून. खर्च ३५ लाख पौंडांच्या वर गेला. आपल्या जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेच्या भागधारकांना सरकारने ५ टक्के परताव्याची हमी दिली होती. मिडलंडच्या भागधारकांमागे अशी कुठलीही हमी नव्हती. हट्टापायी बांधलेली आणि नंतर गळ्यात पडलेली लाइन म्हणून मला ती जास्तच आवडते.

१९१० च्या संचात केबिन कोरी दिसायला हवी, कारण ती त्याच वर्षी उभी राहिली. म्हणून तिच्यावर धुराची छटा मारलेली नाही. त्याच वर्षी २४ डिसेंबरला पहाटे इथल्या सिग्नलमनला सिग्नलपाशी थांबवून ठेवलेल्या दोन सुट्या इंजिनांचा विसर पडला. स्कॉटलंडच्या एक्स्प्रेसला सिग्नल मिळाला, तोच पाहून इंजिनंही पुढे निघाली, आणि मागून येणाऱ्या एक्स्प्रेसने त्यांना गाठलं. डब्यांतल्या गॅसच्या दिव्यांमुळे आग भडकली, १२ माणसं गेली. पुढे मिडलंडने जागोजागी ट्रॅक सर्किट बसवलं: रुळावर गाडी उभी असली की ते केबिनला कळतं, माणसाच्या आठवणीवर भिस्त राहत नाही. माझ्या लेआउटवरही लूपमध्ये (बाजूच्या रुळावर) गाडी शोधणारा सेन्सर लावलाय, पण तो फक्त १९३५ पासूनच्या संचांत चालू ठेवतो. १९१० मध्ये चालवणाऱ्याने लक्षात ठेवावं!

टर्नटेबलभोवती जुन्या स्लीपरांचं (रुळांखालच्या लाकडी ओंडक्यांचं) उभं कुंपण करायचंय. फिरवायला घेतलेलं इंजिन एकदा वाऱ्याने धरलं आणि ते गरगर फिरतच राहिलं, म्हणून हे कुंपण आलं असं सांगतात. ९ फुटी स्लीपर आमच्या मापात ३६ मिमी होतो. आइस्क्रीमच्या काड्या चिरून ते काम भागतंय. खरं टर्नटेबल पुढे कीथलीच्या हेरिटेज रेल्वेने नेलं.

आता १९३५. इथे मजा आहे ती मालगाडीची. १९२१ च्या कायद्याने शंभरावर कंपन्या चार गटांत गोळा झाल्या आणि १ जानेवारी १९२३ पासून मिडलंड आणि तिचा जुना वैरी लंडन अँड नॉर्थ वेस्टर्न दोघेही एलएमएस (लंडन, मिडलंड अँड स्कॉटिश) या गटाच्या एकाच छपराखाली आले. म्हणून बरेच जण एलएमएसचं इंजिन घेतात आणि मागे सगळे एलएमएसचेच वॅगन जोडतात. तसं दिसणं शक्य नव्हतं. आधीच्या काळी परक्या कंपनीचा वॅगन आला की तो रिकामा करून घरी परत पाठवावा लागे. कुणाचा वॅगन कुठून कुठे गेला याचा हिशेब १८४२ पासून रेल्वे क्लिअरिंग हाऊस ठेवायचं, आणि त्यासाठी जंक्शनांवर नंबर टिपून घेणारी माणसं उभी असायची. रिकाम्या फेऱ्यांचा हा तोटा पहिल्या महायुद्धात परवडेना, तेव्हा साधे वॅगन सामाईक झाले: जिथे रिकामा होईल तिथेच भरा. त्यामुळे १९३५ च्या गार्सडेलवर उरलेल्या तीन गटांपैकी एलएनईआरचे वॅगन एलएमएसच्या जवळपास बरोबरीने दिसायला हवेत, ग्रेट वेस्टर्नचा एखादा, आणि सदर्नचा क्वचितच, कारण त्यांचा ताफाच लहान. मात्र कोळशाचे खासगी वॅगन, खाणवाल्यांची नावं रंगवलेले, या सामाईक व्यवस्थेत नव्हते. ते रिकामे परतच जायचे. म्हणून माझी उत्तरेकडची गाडी कोळसा घेऊन जाते आणि दक्षिणेकडे त्याच वॅगनांची रिकामी माळ येते. एकाच वॅगनमधला कोळसा काढता-घालता यावा म्हणून खाली चुंबक लावलाय.

१९५८ चा संच झटपट होईल. १ जानेवारी १९४८ ला चारही कंपन्या राष्ट्रीय झाल्या, पण जुने संसार ‘रीजन’ नावाने चालूच राहिले आणि पाट्यांच्या रंगांवरून ओळखू येत राहिले: वेस्टर्नचा तपकिरी, सदर्नचा हिरवा, नॉर्थ ईस्टर्नचा नारिंगी. माझी पाटी लंडन मिडलंडची, म्हणजे मरून. १९५९ च्या मार्चमध्ये हॉजची प्रवासी गाडी बंद झाली, त्यामुळे फाट्यावर गाडी दाखवायची ही शेवटची संधी.

त्यानंतरची पडझड मी लेआउटवर दाखवत नाही. १९७० मध्ये गार्सडेलसकट मधली बहुतेक स्टेशनं बंद झाली, १९८६ मध्ये त्यांतली काही पुन्हा उघडली. दरम्यान राष्ट्रीय झालेल्या ब्रिटिश रेलला अख्खी लाइनच मोडीत काढायची होती. त्याविरुद्ध हजारो हरकती गेल्या. त्यांत रसप नावाच्या कुत्र्याच्या पंजाचा ठसाही होता आणि तो वैध धरला गेला, कारण कुत्रा तिकीट काढून प्रवास करायचा! एप्रिल १९८९ मध्ये सरकारने बंदचा प्रस्ताव फेटाळला. रसपचा पुतळा आज गार्सडेलच्या फलाटावर आहे. आजच्या संचासाठी तो कोरायला घेतलाय. ओओमध्ये शेपूट टिकवणं अवघड आहे.

आजच्या संचाची गाडी म्हणजे नॉर्दर्न या प्रवासी कंपनीची क्लास १५८ ही डिझेल गाडी. १९१० मध्ये इंजिन, डबे, रूळ, स्टेशन, हमालाच्या टोपीवरचा बिल्ला, सगळं एकाच कंपनीचं होतं. १९९३ च्या कायद्याने हे तुकड्यांत वाटलं. रूळ आणि सिग्नल रेलट्रॅककडे गेले. २००० च्या हॅटफिल्ड अपघातानंतर ती कंपनी डबघाईला आली आणि २००२ पासून नेटवर्क रेल आली. डबे भाड्याने देणाऱ्या कंपन्या वेगळ्या, ते भाड्याने घेऊन गाडी चालवणारी वेगळी, आणि दगड-जिप्सम वाहणाऱ्या मालगाड्यांच्या खासगी कंपन्या आणखी वेगळ्या. नॉर्दर्न मार्च २०२० पासून पुन्हा सरकारी हातात आहे. २०२४ च्या कायद्यानंतर बाकीच्याही प्रवासी कंपन्या कंत्राट संपेल तशा सरकारकडे येताहेत; पहिली साउथ वेस्टर्न, मे २०२५ मध्ये. पुढे गाड्या आणि रूळ ग्रेट ब्रिटिश रेल्वेज या एकाच संस्थेत जायचे आहेत, आणि तिच्या मुख्यालयासाठी ठरलेलं गाव डार्बीच.

रंगकाम मात्र इथे वाचलं. लाइन वाचल्यावर स्टेशनं पुन्हा मिडलंडच्या लाल-क्रीम रंगांत रंगवली गेली, त्यामुळे आजच्या संचाला १९१० च्याच इमारती चालतात. फक्त नाव-पाटी, दिवे आणि पिवळी सुरक्षा-रेघ बदलायची. रेघ पारदर्शक पट्टीवर छापून घेतोय, म्हणजे फलाटावर ठेवता-उचलता येईल.

आता एक चर्चा हवी आहे. ओओच्या दोन रुळांतलं अंतर १६.५ मिमी, म्हणजे मोठं करून पाहिलं तर जेमतेम ४ फूट दीड इंच, खऱ्यापेक्षा कमी. लांबच्या डोंगराळ वळणावर हे अरुंदपण डोळ्यांत भरतं. १८.८३ मिमीवर, म्हणजे खऱ्याशी जुळणाऱ्या रुंदीवर, जायची छाती नाही, चाकंच बदलावी लागतील. पण स्लीपर थोडे आखूड आणि एकमेकांपासून लांब ठेवले तर नजर फसते का, हे कुणी करून पाहिलंय का? गिट्टी टाकण्याआधी ठरवायचंय, आणि मोटर आली की गिट्टीच.