हातचे राखून लावलेले मलम

आमच्या धाकट्या लेकीच्या गालांवर पाचव्या महिन्यात लाल चट्टे उठले, तेव्हा घरात सर्वांत आधी वांगे बंद झाले, आणि तेही तिचे नव्हे, तर तिला अंगावर पाजणाऱ्या माझ्या पत्नीचे. त्यामागोमाग अंडे गेले, शेंगदाण्याची चटणी गेली, आणि महिनाभरात बाळंतिणीच्या ताटात भात, मुगाचे वरण आणि दुधी भोपळा एवढेच उरले. चट्टे मात्र गालांवरून कपाळावर, तेथून कानामागे आणि पुढे नडग्यांवर पसरतच राहिले.

आईने पहिल्याच आठवड्यात निदान केले होते, "इसब आहे हे." पुढे ज्या त्वचारोगतज्ज्ञ बाईंकडे आम्ही गेलो त्या मूळच्या धारवाडकडच्या, आमच्याशी मोडक्या मराठीत आणि नर्सशी कन्नडमध्ये बोलणाऱ्या. त्यांनी नर्सला जे सांगितले त्यात मला एकच शब्द कळला, आणि तोही 'इसबु' हाच होता. सीमेच्या दोन्ही बाजूंना एकाच नावाने ओळखल्या जाणाऱ्या या दुखण्याला वैद्यकात ॲटॉपिक डर्मटायटिस म्हणतात. त्यांच्याकडे पोहोचण्यापूर्वी आम्ही चार महिने वाया घालवले होते आणि त्यांतला एक महिना तर केवळ वायाच नव्हे, तर उलट दिशेने गेला होता, हे आधी सांगून टाकतो.

झाले असे, की घराजवळच्या औषधाच्या दुकानात मी नुसते वर्णन केले आणि चिठ्ठीशिवाय मला एक छोटी ट्यूब मिळाली. तिसऱ्या दिवशी गाल लख्ख झाले. आम्ही दुकानदाराला दुवा दिला, मलम थांबवले, आणि आठवड्याच्या आत चट्टे पूर्वीपेक्षा जास्त लालीने परत आले. पुन्हा मलम, पुन्हा आराम, पुन्हा उठाव. डॉक्टरबाईंनी ती ट्यूब हातात घेऊन बारीक अक्षरांतली नावे वाचून दाखवली: क्लोबेटासोल, त्याच्या जोडीला एक जंतुनाशक आणि एक बुरशीनाशक. क्लोबेटासोल हे त्वचेवर लावण्याच्या सर्वांत तीव्र स्टेरॉइडांपैकी एक असून ते तान्ह्या बाळाच्या गालांवर जाण्याचे काहीच कारण नव्हते. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशा अनेक स्टेरॉइड मलमांची विनाचिठ्ठी विक्री बंद केली. पण नियम कागदावर असतो आणि ट्यूब काउंटरवर. चूक अर्थात दुकानदाराइतकीच माझीही होती.

या अनुभवानंतर 'स्टेरॉइड' या शब्दाचीच आम्हाला धास्ती बसली, आणि बाईंनी लिहून दिलेले हायड्रोकॉर्टिसोन हे सौम्य स्टेरॉइड मलमही आम्ही देवाच्या अंगाऱ्यासारखे चिमूटभर लावू लागलो. मॉइश्चरायझरचीही तीच गत होती. पन्नास ग्रॅमची ट्यूब आम्ही दोन महिने पुरवली आणि ती पुरली याचे आम्हाला कौतुकही वाटले. दुसऱ्या भेटीत बाईंनी ती उरलेली ट्यूब पाहिली, आणि मग रागावण्याऐवजी मला विचारले, "तुमच्या गावाकडे कौलारू घर आहे काय?"

आहे, खानापूर तालुक्यात, सह्याद्रीच्या अगदी कुशीत, जिथे पाऊस सरळ न पडता आडवा येतो. दरवर्षी मृगाच्या आधी घर शाकारावे लागते, कारण कौले घसरतात, फुटतात आणि फटी पडतात. बाईंचे म्हणणे असे, की या मुलांची त्वचा म्हणजे फटी पडलेले छप्पर. आतले पाणी उडून जाते आणि बाहेरची धूळ, साबण, जंतू आत शिरतात. मग आत जळजळ होते, खाज सुटते, खाजवल्याने फटी आणखी रुंदावतात. अनेक मुलांमध्ये त्वचेचा वरचा थर घट्ट ठेवणारे फिलाग्रिन नावाचे प्रथिन जन्मतःच कमी असते, आणि त्याच्या जनुकातील दोषाचा या आजाराशी असलेला संबंध २००६ मध्ये स्पष्ट झाला. म्हणजे पत्नीने खाल्लेल्या वांग्याचा यात काडीचा दोष नव्हता. "स्टेरॉइड म्हणजे पाऊस आत आल्यावर पाणी उपसणे, आणि मॉइश्चरायझर म्हणजे शाकारणी. तुम्ही दोन्ही हातचे राखून करताय."

शाकारणीला किती माल लागतो हे नंतर मी स्वतः शोधून वाचले. ब्रिटनच्या नाइस या संस्थेच्या मार्गदर्शनानुसार इसब असलेल्या मुलासाठी आठवड्याला २५० ते ५०० ग्रॅम मॉइश्चरायझर लागते. आमचे दोन महिन्यांत पन्नास! एवढ्या प्रमाणात लावायचे तर सुगंधी, रंगीत, बाळाचे चित्र छापलेल्या महागड्या बाटल्या परवडत नाहीत, आणि त्यांची गरजही नसते. उलट त्यातला सुगंधच पुष्कळदा त्वचेला झोंबतो. आम्ही बिनवासाच्या, पॅराफिन असलेल्या साध्या मलमाचे मोठे डबे आणू लागलो. आईने पहिल्या दिवशी माझा हात पाहिला आणि म्हणाली, "काय लावालायस रे एवढं, भिंतीला चुना लावल्यागत?" मी म्हटले, तसेच लावायचे आहे.

स्टेरॉइडचे मापही याच भेटीत कळले. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत ट्यूबमधून काढलेली मलमाची रेघ म्हणजे एक माप. ते साधारण अर्धा ग्रॅम भरते आणि मोठ्या माणसाच्याच, बोटांसह दोन तळव्यांएवढ्या भागाला पुरते. एक-दोन वर्षांच्या मुलाचा चेहरा आणि मान चट्ट्यांनी भरली असेल तर दीड माप, एक पूर्ण हात असेल तर दीड, एक पूर्ण पाय असेल तर दोन. लाली आणि खडबडीतपणा जाईपर्यंत डॉक्टरांनी सांगितलेले दिवस नीट लावायचे, मॉइश्चरायझर आणि ते यांत अर्ध्या तासाचे अंतर ठेवायचे, आणि मग थांबायचे. योग्य तीव्रतेचे मलम योग्य मापाने लावले तर त्वचा पातळ होण्याचे भय फार थोडे असते. भीतीपोटी चिमूटभर लावत राहिले तर आग विझत नाही आणि औषध मात्र महिनोन्‌महिने चालू राहते.

घरातले सर्वांत मोठे भांडण न्हाणीत झाले. आमच्याकडे बाळाला न्हाऊ घालायचे म्हणजे बंबातले चटका बसेल असे पाणी, डाळीच्या पिठाने खसखसून चोळणे, आणि वर वेखंड-ओव्याची धुरी. मुलगी न्हाऊन लालबुंद झाली की आई म्हणायची, रक्त कसे सळसळले बघ. ती लाली सळसळीची नव्हती. आता कोमट पाणी, पाच-दहा मिनिटांत आटोपणे, साबणाऐवजी साबणविरहित सौम्य वडी आणि तीही केवळ मळ असेल तिथे, टॉवेलने पुसण्याऐवजी टिपणे, आणि अंग ओलसर असतानाच, तीन मिनिटांच्या आत, सर्वांगाला मॉइश्चरायझर, असा क्रम आहे. धुरी बंद झाली. आईला तेल हवेच होते. तेव्हा खोबरेल चालेल, पण ऑलिव्ह तेल नको, असे ठरले, कारण ऑलिव्ह तेलाने त्वचेचा वरचा थर आणखी विस्कटतो. बंबाबद्दल एक गोष्ट मात्र आवर्जून लिहितो: पॅराफिनचे मलम मुरलेले कपडे आगीजवळ झटकन पेट घेतात, आणि ते धुतल्याने पूर्ण निघत नाही. मलम लावलेल्या पोरीला कडेवर घेऊन बंबात लाकूड सारायचे नाही, हा नियम आईने एकदाच ऐकला आणि तंतोतंत पाळला.

रात्री हा सगळ्यांत अवघड भाग. दिवे मालवले की काही वेळाने अंथरुणातून नखांचा खर्र खर्र आवाज सुरू व्हायचा. हात धरला की पाय एकमेकांवर घासायची. नखे दर तीन दिवसांनी कापली. आईने आपल्या जुन्या सुती लुगड्याचे, धुऊन धुऊन सायीसारखे मऊ झालेले तुकडे काढून त्याचे हातमोजे शिवले, ज्यांच्या शिवणी बाहेरच्या बाजूला होत्या. उठाव फार वाढला तेव्हा डॉक्टरांच्या सल्ल्याने त्याच कापडाची पट्टी कोमट पाण्यात भिजवून, पिळून, मलम लावलेल्या पायावर गुंडाळली आणि वर कोरडी पट्टी बांधली. त्या रात्री ती पहाटे चारपर्यंत सलग झोपली. जखमेत जंतू शिरले असतील तर मात्र ही ओली पट्टी बांधायची नसते. मधाच्या रंगाची चिकट खपली धरली, पू आला, ताप आला, तर डॉक्टर गाठावेत. आणि एकसारखे, मध्यभागी खड्डा असलेले बारीक फोड भराभर उठले, मूल मलूल झाले, तर सकाळची वाट पाहू नये, कारण तो नागिणीच्या कुळातल्या विषाणूचा संसर्ग असू शकतो आणि तो जिवावर बेतू शकतो. म्हणूनच ओठांवर तापाचे फोड आलेल्या पाहुण्याने मुका घेऊ नये; हे सांगताना माणसे रुसतात, रुसू द्यावीत.

खाण्याचे म्हणाल, तर एखादा पदार्थ खाल्ल्यावर लगेच गांधी उठल्या, ओठ सुजले, उलटी झाली, तर बहुधा तेव्हाच तपासणी करून तो थांबवायचा असतो. पत्नीने दुसऱ्याच दिवशी वांग्याचे भरीत केले.

आता लेक साडेचार वर्षांची आहे. गाल स्वच्छ आहेत. चट्टे कोपराच्या आणि गुडघ्याच्या खोबणीत सरकले आहेत, जसे या वयात बहुधा होते. बऱ्याच मुलांचा त्रास वाढत्या वयाबरोबर ओसरतो, तसा तिचाही ओसरतो आहे. तरी बेळगावची पौष-माघातली कोरडी थंडी आली की त्वचा तडकते, आणि वैशाखात घामाने खाज सुटते. गावी गेलो की घोंगडी तिच्या अंथरुणापासून दूर ठेवावी लागते. पावसाळ्यात कपडे वाळत नाहीत आणि कुबट वास धरतात, म्हणून तिचे सदरे आम्ही इस्त्री करून कोरडे करतो.

परवा मी कामावर असताना आईचा फोन आला. डब्याच्या तळाला चमचा लागायला लागला होता. "येताना दोन आण," ती म्हणाली, "एक गावाकडं न्यायला लागंल."